सदाशिवरावांची बैठक आणि लघवीची गोळी

दारव्हा तालुक्यात कुणाच्या पोरीचं लग्न जमत नसलं की लोक आधी ज्योतिषाकडे जातात, मग मोबाइलवरच्या बायोडाट्याच्या ग्रुपांत फोटो टाकतात, आणि तरीही गाडी हलली नाही तर सदाशिवराव इंगोल्यांकडे येतात. सदाशिवरावांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. शेती बरी आहे, कपाशी आणि तुरीची, पण ती मुलगा अमर पाहतो. सदाशिवरावांचा स्वतःचा धंदा म्हणजे बसणं. धंदा एवढ्यासाठीच म्हणायचा की ते दुसरं काही करत नाहीत. मिळकत म्हणाल तर दुपट्टा, टोपी आणि नारळ. नारळ फुटतात, टोप्या उंदीर नेतात, आणि दुपट्ट्यांवर त्यांच्या पत्नी कोकिळाबाई उन्हाळ्यात कुरडया वाळत घालतात.

सोयरिकीची बोलणी ज्यात होतात तिला बैठक म्हणतात. एका भिंतीला नवरदेवाकडचे, समोरच्या भिंतीला नवरीकडचे, आणि मध्ये मध्यस्थ. बोलणी पुरी होईस्तोवर मध्यस्थाने जागचं उठायचं नाही, असा एक नियम सदाशिवराव पाळत आणि सांगत. म्हणे त्यांच्या आजोबांच्या काळी एक मध्यस्थ तंबाखू थुंकायला म्हणून उठला, आणि तो परत येईपर्यंत दोन्हीकडच्यांनी काठ्या काढल्या होत्या. तेव्हापासून ‘मधला उठला, सोयरीक तुटली’ असं लोक म्हणू लागले. निदान सदाशिवराव तसं म्हणत, आणि त्यांनी इतकी वर्षं म्हटल्यामुळे शेवटी लोकही म्हणू लागले.

वणीकडच्या एका बैठकीची गोष्ट तर लोक कुस्तीची सांगावी तशी सांगतात. नवरदेवाचा मामा कोळशाच्या खाणीतला, नवरीचा काका ट्रकांचा मालक, दोघंही दिवसभर मोठ्या आवाजात बोलायची सवय असलेले. सकाळच्या चहाला बसलेली मंडळी दिवेलागणीपर्यंत बसली. या काळात दोन्हीकडची माणसं आळीपाळीने परसात जाऊन आली, काही तर जाऊन झोपूनही आली. सदाशिवराव मात्र मांडी घालून तिथेच होते. चहा आला की चहा घेतला, मठ्ठा आला की मठ्ठा घेतला, आणि नाही कशाला म्हणाले नाहीत. लग्न जमलं. लोकांनी त्यांच्या अकलेचं कौतुक केलं, पण मनातून सगळे त्यांच्या मूत्राशयाचंच कौतुक करत होते.

अशा माणसाच्या नशिबी लघवीची गोळी यावी, याला काय म्हणावं.

झालं असं की गावात तपासणीचं शिबिर लागलं. सदाशिवराव तिथे उद्घाटनाला गेले होते, तपासणीला नव्हे. नारळ फोडून झाल्यावर फोटोपुरता त्यांनी दंडाला पट्टा बांधून घेतला. फोटो छान आला, आकडा मात्र वाईट आला. नर्सबाईंनी त्यांना थोडं शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी आकडा खाली येईना.

“आबा, दारव्ह्याले दाखवा. अन् लवकर दाखवा,” नर्सबाई म्हणाल्या.

“मले त काहीच होत नाही न बाई.”

“बीपीचं तसंच असते. होते तवा एकदमच होते.”

सदाशिवरावांनी ही गोष्ट घरी सांगितली नसतीच, पण फोटो मोबाइलवर सगळ्या गावाने पाहिला होता आणि फोटोत नर्सबाईंचा चेहरा उतरलेला होता. कोकिळाबाईंनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि बाजाराच्या दिवशी अमरबरोबर नवऱ्याला दारव्ह्याला पाठवलं.

दारव्ह्याच्या दवाखान्यातली डॉक्टर प्रेरणा वयाने त्यांच्या नातीहून जरा मोठी. तिने रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली आणि दोन गोळ्या लिहून दिल्या.

“बाबा, ही एक बीपीची. आणि ही दुसरी लहान आहे ना, ही लघवीची गोळी.”

त्या शब्दासरशी सदाशिवरावांचे कान मिटले. पुढे डॉक्टर बरंच काही बोलली. अंगात मीठ साठतं, मिठाबरोबर पाणी साठतं, त्याने रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि हृदयाला रोज जास्त जोर लावावा लागतो, ही गोळी ते मीठ आणि पाणी बाहेर काढते, गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, झटका आणि हृदयाचा थकवा दोन्ही टाळायला कामाची आहे, सकाळीच घ्यायची, मधूनमधून रक्तातले क्षार तपासायचे, आणि लघवीला जास्त जावं लागेल ते सुरुवातीचे काही दिवसच, मग अंगाला सवय होते. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं होतं. अमर तेव्हा बाहेर मोटारसायकल सावलीत लावायला गेला होता, आणि सदाशिवराव समोरच बसून ऐकत नव्हते.

“मले लघवीचा कोणताच तरास नाही,” ते म्हणाले. “उलट लोक माह्यं उदाहरण देतात.”

डॉक्टरला उदाहरणाचं काही समजलं नाही. ती म्हणाली, “लघवीचा त्रास नाहीच आहे. हे हृदयासाठी आहे. विहिरीवरच्या मोटरवर सारखा लोड आला तर काय होतं?”

“जळते. मंग रिवायंडिंग करून आणतो आम्ही.”

“याचं रिवायंडिंग होत नाही बाबा.”

हे मात्र त्यांना पटलं. मोटर जळण्याचा अनुभव त्यांना होता. पण गोळीचं नाव काही पचेना. याच गोळीचं नाव कुणी ‘हृदयरक्षक वटी’ ठेवलं असतं, तर सदाशिवरावांनी ती बैठकीत चारचौघांना दाखवून, वर दोन शब्द बोलून घेतली असती. जगात औषधं शोधणारे हुशार असतात, पण बारसं करणारी आत्या त्यांच्यात नसते.

मोटरच्या भीतीने त्यांनी गोळी सुरू केली आणि त्याच आठवड्यात आर्णीच्या बाजूला एक बैठक आली. मुलीचा बाप जुन्या ओळखीचा, नाही कसं म्हणणार. सकाळी गोळी घेऊन सदाशिवराव जाऊन बसले. पोहे झाले, चहा झाला, सुपारी फिरली, आणि मानपानाचा विषय निघतो न निघतो तोच त्यांना असं काही जाणवलं जे इतक्या वर्षांत भर बैठकीत कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी मांडी बदलली. मग पुन्हा बदलली. मग टोपी सारखी केली, उपरणं घेतलं आणि उठले.

आता खेड्यातल्या बैठकीत मध्यस्थ उगाच उठत नाही. उठला म्हणजे त्याला कुणाशी तरी बाजूला बोलायचं असणार. म्हणून मुलीचा बाप लगबगीने त्यांच्या मागे गेला. मुलीचा बाप गेला हे पाहून नवरदेवाच्या चुलत्याला संशय आला, म्हणून तोही गेला. गोठ्यामागच्या भिंतीपाशी तिघं एका रांगेत उभे राहिले.

“बोला न, काय म्हणता,” मुलीचा बाप हळूच म्हणाला.

“काही नाही.”

“सांगा, आपली गोष्ट बाहेर नाही जात.”

“अहो, खरंच काही नाही.”

यावर कुणाचा विश्वास बसणार? मुलीच्या बापाला वाटलं, हे नवरदेवाकडच्यांना सामील झाले. नवरदेवाच्या चुलत्याला वाटलं, हे मुलीच्या बापाला सामील झाले. त्यानंतर सदाशिवराव आणखी दोनदा उठले आणि दोन्ही वेळा भिंतीपाशी जास्त जास्त माणसं जमली. शेवटी बैठक मोडली. खरं पाहता पोरीनेच आपल्या मावशीजवळ ‘हा पोरगा मले पसंत नाही’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आणि मावशीने ते आत सगळ्या बायांना सांगितलं होतं. बाहेरच्या गडीमाणसांना ते माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की मधला उठला आणि सोयरीक तुटली.

सदाशिवराव घरी आले ते तोंड पाडूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाबाईंनी दोन गोळ्या आणि पाण्याचा गिलास पुढे केला. बीपीची त्यांनी गिळली. लहान गोळी जिभेखाली धरली, कोकिळाबाई चुलीकडे वळल्या तशी ती हातावर घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. तिथून पुढे हा रोजचा परिपाठ झाला.

चोरट्याला अंधाराची साथ लागते, ती त्यांना गावातल्या शहाण्यांनी दिली. पारावरचा एक म्हणाला, लघवीच्या गोळीने किडनी वाळते. दुसरा म्हणाला, अंगातलं पाणी म्हणजे ताकद, ते कशाला काढायचं. तिसऱ्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात भगवा शेला घातलेला कुणीतरी दुधीभोपळ्याच्या रसावर बोलत होता. सदाशिवरावांना जे ऐकायचं होतं ते सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरला विचारून यावं असं एकालाही वाटलं नाही, कारण डॉक्टरला विचारलं की ती उत्तर देते.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. रोज कुठे ना कुठे बैठक, आणि जिथे बैठक तिथे भजी, पापड, चिवडा, लोणच्याची फोड. अंगात मीठ जात होतं आणि ते बाहेर काढणारी गोळी बंडीच्या खिशात होती. सदाशिवराव पूर्वीसारखे मांडी ठोकून बसू लागले. गेलेली अब्रू परत आली. त्याबरोबर आणखीही काही येत होतं, पण ते त्यांनी ओळखलं नाही.

आधी चपला घट्ट झाल्या. त्यांनी चपलाच वाईट ठरवल्या आणि दारव्ह्याहून एक नंबर मोठ्या आणल्या. मग त्यांच्याही पट्ट्याचा वळ पायावर रात्रीपर्यंत राहू लागला. मग चेहरा भरला, पोट पुढे आलं. लोक म्हणू लागले, “सदाशिवराव, तब्येत भारी झाली बाप्पा.” आपल्याकडे माणूस फुगला की लोक त्याला शाबासकी देतात. सदाशिवरावही खूश झाले. झोपताना एका उशीच्या दोन झाल्या, शेताच्या बांधापर्यंत चालताना मध्ये थांबावं लागू लागलं, तेव्हा ‘पोरांनी बांधाची वाट खराब करून ठेवली’ म्हणून त्यांनी अमरलाच झापलं.

कोकिळाबाईंना संशय येत होता, पण पुरावा मिळाला तो धुण्यात. बंडी भिजत टाकली होती, ती पिळताना खिशातून पांढरा लगदा निघाला, भिजलेल्या पिठासारखा. त्यांनी तो बोटावर घेतला, वास घेतला, आणि तशाच ओल्या हाताने ओसरीवर आल्या.

“हे काय हाये?”

“खडू असन,” सदाशिवराव म्हणाले.

“तुम्ही शाळा कवापासून शिकवून राह्यले?”

कोकिळाबाई त्या दिवशी भांडल्या नाहीत, आणि त्याचीच सदाशिवरावांना जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी शेअर जीपमध्ये पुढच्या सीटवर नवऱ्याला बसवून, स्वतः मागे दाटीत बसून, त्या त्यांना दारव्ह्याला घेऊन गेल्या.

डॉक्टर प्रेरणाने नडगीवर अंगठा दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला. कोकिळाबाई त्या खड्ड्याकडे पाहत राहिल्या. कणकेवर बोट दाबावं तसा तो होता, आणि माणसाच्या अंगावर असा खड्डा राहतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. यवतमाळला पाठवून छातीची सोनोग्राफी करून आणली. ती पाहून डॉक्टरने जुनी चिठ्ठी पुढे ओढली.

“लघवीची गोळी घेत होता ना बाबा?”

“नाही घेत होते,” कोकिळाबाई म्हणाल्या. “बैठकीतून उठा लागते म्हणून.”

“पण ते पहिले काही दिवसच असतं. मी सांगितलं होतं. नंतर एवढं जावं लागत नाही.”

हे ऐकून कोकिळाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. ज्या गोष्टीपायी हा माणूस चोरून गोळ्या लपवत होता, ती गोष्ट गप गोळ्या घेतल्या असत्या तर आपली आपणच थांबली असती.

“आता ती गोळी पुरायची नाही,” डॉक्टर म्हणाली. “हृदय थकलंय, पाणी साचलंय. आता मी जास्त जोराची देते. हिने मात्र सारखं जावं लागेल, तासा-दोन तासांतच. आणि हिचा एक दिवसही खाडा नको. खाडा झाला तर भरती करावं लागेल, आणि मग माझ्या हातात फार काही उरणार नाही. आजी, तुमच्यासमोर द्या.”

परतीच्या जीपमध्ये कोकिळाबाई औषधांची पिशवी घट्ट धरून बसल्या. त्या घाबरल्या होत्या. संसारात दुष्काळ पाहिले, गारपीट पाहिली, बोंडअळी पाहिली, पण हा माणूस आपल्या आधी जाईल असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. इतका एका जागी बसून राहणारा माणूस जाईल तरी कुठे, अशी त्यांची समजूत होती.

सदाशिवराव मात्र वेगळ्याच विचारात होते. घरी पोचल्यावर ते म्हणाले, “रविवारी वैष्णवीची बैठक हाये. तेवढा एक दिवस गोळी नाही घेत. सोमवारपासून म्हनशीन तशी घेतो.”

“डॉक्टर काय बोलली?”

“डॉक्टरच्या घरी बैठक नाही न.”

वैष्णवी म्हणजे अमरची पोरगी, आजोबांची लाडकी, यवतमाळला बीएस्सी झालेली. स्थळ फुलसावंगीचं, मुलगा ऋतिक. ही दोघं महिनाभर फोनवर बोलत होती आणि त्यांचं ठरूनही गेलं होतं. पण ठरलेलं ठरवायला मोठी माणसं लागतात. आणि सदाशिवरावांच्या घरी बैठक म्हटल्यावर मध्यस्थी करायला दुसरं कोण धजावणार? म्हणून नवरीचे आजोबाही तेच आणि मध्यस्थही तेच, असं दोन्हीकडच्यांनी एकमताने ठरवलं.

रविवारी सकाळी कोकिळाबाईंनी गोळी दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आ करा.” जीभ वर करायला लावली, गालात बोट फिरवलं. बैलाला औषध पाजणाऱ्या बाईला नवऱ्याला पाजणं काय जड आहे? त्या दिवशी गोळी पोटातच गेली.

फुलसावंगीची मंडळी आली. ऋतिकचे आजोबा गुणवंतराव भारदस्त, आवाज मोठा, पायात मोजे. सगळं झटपट जुळत गेलं. साक्षगंध म्हणजे साखरपुडा कुठे, कपडे कुणाचे, कार्यालय कोणतं. मग जेवणाचा विषय निघाला आणि गाडं फसलं. गुणवंतराव म्हणाले, बुफे. सदाशिवराव म्हणाले, पंगत.

“आता पंगत कोण करते? पोट्टे हसतात,” गुणवंतराव म्हणाले.

“माणसानं बसून जेवलं पाहिजे. उभ्यानं काय बैल खातात.”

“बैलबी उभ्यानंच खातात अन् आपल्यापेक्षा तब्येतीनं चांगले असतात.”

हा वाद दोन्हीकडच्यांना फार आवडला, कारण यात खर्च कुणाचा हा प्रश्न नव्हता, फक्त मान होता. माणसं सरसावून बसली. चहा पुन्हा आला. आणि नेमकी तेव्हा गोळी आपल्या कामाला लागली.

जोराची गोळी होती, तिने डॉक्टरचा शब्द पाळला. सदाशिवरावांनी मांडी बदलली. उपरण्याने कपाळ पुसलं. समोर गुणवंतराव काय बोलतात ते ऐकू येईना, नुसते ओठ हलताना दिसत होते. श्वास आधीच आखूड, त्यात हे दाबून धरणं, त्याने तो आणखी आखूड झाला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वैष्णवीची बैठक आहे. बाकी शंभर सोयरिकी तुटल्या तरी चालतील, ही तुटता कामा नये. आपण उठलो आणि उद्या काही वाकडं झालं, तर पोरगी जन्मभर म्हणेल, आबा उठले. ते तसेच बसून राहिले आणि त्यांच्या मानेवरून घाम ओघळू लागला.

कोकिळाबाई आतल्या दारातून पाहत होत्या. बैठकीत बायांनी यायचं ते चहा घेऊन, आणि रिकामा ट्रे घेऊन परत जायचं. त्या रिकाम्या हाताने आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या.

“उठा,” त्या म्हणाल्या.

सदाशिवरावांनी डोळ्यांनी खूण केली. कोकिळाबाईंनी ती पाहिली नाही, म्हणजे पाहिली पण मानली नाही.

“उठा म्हणतो न मी. लघवीची गोळी घेतली हाये तुम्ही. घाम पाहा किती येऊन राह्यला.”

लघवी हा शब्द त्या गादीवर याआधी कधी उच्चारला गेला नव्हता. ऋतिकचा मामा चाचरत म्हणाला, “आजी, बोलणं मधातच हाये. आबा उठले त सोयरीक...”

“सोयरीक तुटली त तुटली,” कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. “माह्या नातीले दुसरी सोयरीक भेटन. मले या वयात दुसरा कोन भेटन?”

कुणी हसलं नाही. एक-दोघांना हसू आलं, पण त्यांनी कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि ते गिळून टाकलं. सदाशिवरावांनी जमिनीला हात टेकला. उठता येईना. पाय जड झाले होते आणि श्वास पुरत नव्हता. तेव्हा आतून वैष्णवी धावत आली आणि तिने त्यांना काखेत हात घालून उभं केलं. भर बैठकीतून, पाहुण्यांसमोर, नातीच्या खांद्यावर हात ठेवून ते परसाकडे निघाले. असं उठणं मरणाहून वाईट असेल असं त्यांना नेहमी वाटायचं. प्रत्यक्षात त्यांना फक्त खूप घाई झाली होती.

भिंतीपाशी ते उभे राहतात तोच बाजूला कुणीतरी आलं. पाहतात तर गुणवंतराव.

“काही बाजूले बोलाचं हाये काय?” सदाशिवरावांनी सवयीने विचारलं.

“बोलाचं काही नाही. मलेबी लागली हाये.” गुणवंतरावांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, “तुमची कोणती गोळी? पांढरी का पिवळी?”

“पांढरी.”

“माहीबी पांढरी. पन बैठक असली का मी घेत नाही. लग्नाले गेलो का घेत नाही. मैतीले गेलो का घेत नाही.”

“मंग घेता कवा?”

“कुठंच जाचं नसलं का घेतो.”

“अन् कुठं जाचं नसते कवा?”

“तसा दिवस काही येत नाही बाप्पा,” गुणवंतराव म्हणाले.

सदाशिवरावांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मोज्याच्या वर कातडी फुगून चकाकत होती. महिन्याभरापूर्वी ते म्हणाले असते, तब्येत भारी झाली. आता म्हणाले, “गुणवंतराव, उद्या दारव्ह्याले चला माह्यासंगं. पोट्टी लहान हाये डॉक्टर, बोलते जरा जास्त. पन आयका तिचं. मी नाही आयकलं.”

दोघं सावकाश, दोनदा थांबून परत आले. बैठकीत माणसं उठून उभी होती. काही तरी बिघडलं असं सदाशिवरावांच्या मनात आलं. पण लोकांच्या हातात पेढे होते.

झालं होतं ते असं. दोघं आजोबा बाहेर गेले, मागे बसलेल्यांना काय करावं सुचेना. तेवढ्यात ऋतिकची आजी आतून कोकिळाबाईंजवळ येऊन उभी राहिली. दोघी तिथेच चौकटीला टेकून बोलल्या. म्हाताऱ्यांना पंगत, पोरांना बुफे. लग्न सकाळचं नको, संध्याकाळचं ठेवू, कारण सकाळी या दोघांच्या गोळ्या असतात. झालं. ऋतिकच्या बापाने तिला विचारलं, “आई, तू कवा ठरोलं?” तर ती म्हणाली, “बाकीचं त आत चहा होईस्तोवर ठरलंच होतं. जेवणाचं तेवढं तुम्ही बाहेर धरून बसले होते.”

पाहुणे गेले. सदाशिवराव ओसरीवर पाय वर करून पडले होते, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे. कोकिळाबाई गाद्यांवरच्या चादरी काढून घड्या घालत होत्या.

“पयलेबी असंच होये काय व?” सदाशिवरावांनी विचारलं.

“कसं?”

“आतच ठरे?”

कोकिळाबाईंनी चादर झटकली. “मंग? तुम्ही गडीमाणसं बाहेर गुंतून राहत, म्हणून आम्हाले आत निवांत बोलाले भेटे. तेवढंच काम होतं न तुमचं.”

सदाशिवरावांना फार वाईट वाटलं. सगळ्या बैठका त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या, वणीची, आर्णीकडची, आणखी कुठकुठच्या, आणि प्रत्येकीत आतल्या दाराआड बायांची कुजबूज होती, ती त्यांनी कधी कान देऊन ऐकली नव्हती. त्या बसण्यापायी त्यांनी आपलं काळीज पणाला लावलं होतं, आणि त्या बसण्यावर एकही सोयरीक ठरली नव्हती.

“मंग हे मले आधी काहून नाही सांगतलं?” ते म्हणाले.

“सांगाले आत त या लागते माणसानं,” कोकिळाबाई म्हणाल्या. “तुम्ही उठत होते कुठं?”